इवायांचं इंजिन

सन २०१३ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो, आणि परभणी जिल्ह्यात माझ्या तोडीचा हट्टी माणूस नाही अशी तोवर माझी पक्की समजूत होती. ती माझ्या इवायांनी मोडली. इवाई म्हणजे व्याही, माझ्या सुनेचे वडील. पेटलेली कुठलीही गोष्ट विझू द्यायची नाही, एवढ्या एकाच कामासाठी देवानं हा माणूस घडवला होता. पूर्णेच्या रेल्वे शेडात ते तरुणपणी वाफेच्या इंजिनावर आगवाले म्हणून लागले. तिथं पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं गेलं की इंजिन उभं असलं तरी आत आग धुमसत ठेवायची, कारण थंड पडलेलं इंजिन पुन्हा पेटवायचं म्हणजे जीव जातो. पुढं वाफेची इंजिनं गेली, नोकरी संपली, पण ते बोलणं काही यांच्या डोक्यातून गेलं नाही. यांच्या घरी टीव्ही बंद होत नसे, फक्त त्याचा आवाज बंद होई. गॅसवर चहाचं पाणी सकाळपासून मंद आचेवर. न्हाव्याच्या दुकानासमोर स्कूटर चालूच ठेवून हे आत दाढीला बसत. एकदा न्हावी कावून म्हणाला, "काका, तुमच्या गाडीनं माझा आरसा हालायलाय, वस्तरा लावू कसा?" तर हे म्हणाले, "तू बी आरशासंगं हल. बरोबर लागंल."

दुसरी खोड दोनाची. वाफेच्या इंजिनाला पाणी पाजायला दोन इंजेक्टर असतात म्हणे, एकानं दगा दिला तर दुसरा असावा. म्हणून इवायांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं, खिशात दोन चष्मे आणि डॉक्टरही दोन. सकाळी एकाच्या गोळ्या, संध्याकाळी दुसऱ्याच्या, आणि त्या दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. विहीणबाई म्हणत, "बायको तेवढी एकच केली, मेहरबानी झाली." म्हातारपणी यांनी जुना लॅपटॉप घेतला, तर त्यातही दोन मेंदू घालून घेतले. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात त्याला. एका डब्यात दोन, मधी भिंत, वेगळे निघालेल्या भावांसारखे. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर विचारायचं, थोरल्याला उठवू का धाकट्याला? साधं पान का जर्द्याचं, अशा थाटात इवाई तो प्रश्न पाहुण्याकडं सरकवायचे.

त्या वर्षी माझ्या पोराला परदेशात मुलगी झाली. माझी पहिली नात. इवायांनी तिचं तोंड त्या लॅपटॉपात पहिल्याच आठवड्यात बघितलं आणि मला फोन केला, "इवाई, या की पूर्णेला. नाक तुमच्यावर गेलंय." मी गेलो नाही. मी मुलाचा बाप. माझ्याच नातीचं तोंड बघायला मी सुनेच्या माहेरी जाऊन बसायचं, तेही फोनवरच्या बोलावण्यावर? घरातल्यांनी लय समजावलं. मी म्हटलं, नात आमची, तोंडही आमच्याच घरात बघीन. रोज रात्री मात्र आपल्या नाकावरून हात फिरवून बघायचो, ही गोष्ट घरात कुणाला सांगितली नव्हती.

आमच्यात बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. आत्या म्हणजे माझी लेक, ती इथं पालममध्ये दिलेली, आणि कान तिकडं सातासमुद्रापार. तेव्हा बारशाच्या दिवशी इवाई स्वतः लॅपटॉप गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, एसटीनं आमच्या दारात हजर झाले. मी येत नाही म्हटल्यावर ते नात घेऊन आले. बायकांनी आधीच पाळणा बांधून त्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या, आणि बाळ दिसणार ते त्या मशीनमध्येच, म्हणून लॅपटॉप सरळ पाळण्यात निजवला. "हळू झुलव गं, वायर निघंल!" असं म्हणत पाळणागीतही सुरू झालं. लॅपटॉपसाठी पाळणा म्हणणारं आमचं गाव पहिलंच असेल.

इवायांनी झाकण उघडलं, थोरल्याला उठवलं, आणि त्यानं सांगितलं, मोडेम सापडत नाही. धाकट्याला उठवलं. त्यालाही सापडेना. बायकांनी झुलवणं थांबवलं.

"मोडेम म्हंजे काय वो?" माझ्या लेकीनं विचारलं.

"दुभाषा हाय, माय. ह्याच्या पोटातच बसवलेला असतो. फोनची भाषा कॉम्प्युटरला सांगतो, कॉम्प्युटरची फोनला. तो कुठं गेला म्हणून दोघं बी हात वर करायलेत."

"रेंज नसंल," मी म्हणालो.

"रेंज नसणं म्हंजे सिग्नल लाल असणं. हितं डायवरलाच रूळ दिसंनात, इवाई!"

मग त्यांनी सिमकार्ड काढून धोतराला पुसलं. खिशातलं दुसरं सिम घालून बघितलं. थोरल्याला निजवून धाकट्याला उठवलं, धाकट्याला निजवून थोरल्याला. पाळणा गच्चीवर नेला, परत खाली आणला. तेवढ्यात पोराचा फोन आला. "बाबा, ती झोपंला आलीय, रडायलीय. आत्याला म्हणावं, फोनवरच नाव सांग. काय बिघडतंय?"

मी म्हणालो, "नाव कानानं ऐकता येतं रे. मला तोंड बघायचंय. ते कानानं कसं बघू?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उगीच पाळण्याची दोरी नीट केली.

तेव्हा मला सुचलं ते बोललो. माझा मोबाईल अडला की मी मागचं झाकण काढतो, बॅटरी काढतो, शर्टाला पुसून परत घालतो, की तो बोलायला लागतो. म्हटलं, "इवाई, ह्याची बॅटरी काढा. पूर्ण बंद करा एकदा."

इवायांच्या कपाळाची शीर उडाली. "झोपवायचं असतं, विझवायचं नसतं! घेतल्यापासून कदी थंड केलं न्हाई म्या. चालतं इंजिन विझवणारा माणूस म्या न्हाई."

"चालतं कुठं हाय? पेटलेलं हाय फक्त."

त्यांनी दोन्ही मनगटांवरची घड्याळं बघितली. मग बायकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "शेडातली आमची समदी इंजिनं एकदाच थंड केली, इवाई. डिझेल आलं तवा. आग आमच्याच हातानं खाली पाडायला लावली. परत कुणी पेटवली न्हाईत."

हट्टी माणसाला समजावायची सवय मला नव्हती. मी म्हटलं, "राहू द्या मग. फोनवर होईल नाव."

तर ते एकदम पाळण्यात वाकले आणि बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. वायर काढली, लॅपटॉप पालथा केला, बॅटरी काढून माझ्या हातात दिली. ती कोमट होती. लॅपटॉपच्या पाठीवर तळहात ठेवून ते तसेच बसले, तापलेल्या लेकराच्या अंगावर ठेवतात तसा. माझी लेक म्हणाली, "काका, किती येळ?" ते म्हणाले, "निवंपर्यंत."

मग बॅटरी घातली. काळ्या पडद्यानं विचारलं. "इवाई, तुमी सांगा," ते म्हणाले. मी म्हणालो, "धाकटा. माझा पोरगा बी धाकटाच हाय." धाकटा उठला आणि त्यानं दुभाषा हुडकून काढला. मागून थोरल्यालाही सापडला. थोरला सारखा झोपेत असायचा आणि झोपेतच मोडेमला मुठीत धरून ठेवायचा, म्हणून नुसतं एकाला निजवून दुसऱ्याला उठवल्यानं भागत नव्हतं, असा शोध इवायांनी पुढं लावला, आणि तो आपलाच असल्याचं जिल्हाभर सांगितलं. मी मधे बोललो नाही. नंतर नंतर बोललो.

पाळण्यात माझी नात दिसली. टोपडं घातलेली, डोळे मिटायला आलेली. पोरानं तिकडं तिचा कान मशीनशी धरला, लेकीनं पाळण्यात तोंड घालून "कुर्रर्र" केलं, बायकांनी तिच्या पाठीत असे दणके घातले की लॅपटॉप हिंदकळला, आणि नाव पडलं उमा. नातीनं माझ्याकडं बघून कपाळाला आठी घातली. नाकाचं मला काही ठरवता आलं नाही, पण आठी आमच्या घराण्याचीच. मी म्हणालो, "पोरगी हट्टी निघणार." इवाई म्हणाले, "दोन्हीकडून येणार, दुसरं काय होणार?" त्यांचं पडद्याकडं लक्षच नव्हतं. मशीनच्या कडेला एक बारीक हिरवा दिवा लागला होता, त्याच्याकडं ते बघत होते, आणि चष्मा लावलेला असताना दुसरा चष्मा शोधत होते.

आता इवाई नाहीत. शेवटच्या दिवसांत घरात टीव्ही, गॅस, पंखे सगळं विहीणबाई वेळच्या वेळी बंद करायच्या आणि ते गप पडून राहायचे. विहीणबाई म्हणाल्या, आता घरात इतकं शांत असतं की मीच अधूनमधून टीव्ही लावून आवाज बंद करून ठेवते.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इवाई निघाले. काचेचं सामान म्हाताऱ्या माणसाच्या एकट्याच्या हाती कसं द्यायचं, एवढ्याच विचारानं मी गोधडीत गुंडाळलेला लॅपटॉप उचलला, स्टँडवर गेलो, गाडीत त्यांच्या शेजारी बसलो, आणि कंडक्टर आला तेव्हा त्यांच्या आधी मीच म्हणालो, "दोन पूर्णा."