नाकाखालचा फोड

चोपड्यात हनीफ खलिफाच्या दुकानात दाढीला बसणं म्हणजे अर्धं दवाखान्यात जाणंच होतं. माणूस खुर्चीत टेकला की हनीफ आधी त्याची मान बघणार, मग हनुवटी, मग गाल, आणि मगच गळ्याभोवती फडका बांधणार. कुठे पुळी दिसली की दाढी राहिली बाजूला. डोक्याला किती तेल थापतोस? घरात एकाच टॉवेलने किती जण तोंड पुसता? गोरं करणारी ही ट्यूब कुणी दिली तुला? कॉलेजची पोरं वैतागायची, पण यायची त्याच्याकडेच. साध्या साबणाने दोनदा तोंड धुवा, नखं लावू नका, दीड-दोन महिने धीर धरा, असं तो सांगायचा. फुकट सांगायचा, म्हणून निम्मे ऐकायचे नाहीत.

केळीच्या बागेत घड वाहणारा नवल एकदा मानेवर टपोरा फोड घेऊन आला. "दाबी दे ना हनीफभाऊ, एक डाव. मोकळा हुई जासू," म्हणाला.

"दाबायचा नाही. गरम पाण्याचा फडका ठेव दिवसातून तीन-चार वेळा, पिकला की आपणच फुटेल. आणि तीन महिन्यांत हा चौथा आहे तुझा. आधी रक्तातली साखर तपासून ये. तोवर तुझी दाढी करत नाही मी."

नवल शिव्या घालत गेला आणि चार दिवसांनी तोंड पाडून परत आला. साखर दोनशे ऐंशी निघाली होती. तेव्हापासून हनीफचा शब्द बाजारात जरा जड झाला.

ही शिस्त त्याला बापाकडून आली होती. प्रत्येकाला नवं ब्लेड, फडके रोज उकळून उन्हात, आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा. बापाने ब्रशच्या फेसाने आरशावर माणसाचं तोंड काढलं होतं, आणि नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत रेघा ओढल्या होत्या. "या तिकोनातला फोड दाबायचा नाही. आतलं विष इथून डोळ्यात आणि डोक्यात जातं." अडावदचा एक जवान गडी असा गेलेला बापाने डोळ्यांनी पाहिला होता. हनीफने तीस वर्षं तो नियम पाळला. आणि शहाण्या माणसाने तीस वर्षांत एकदाच करावी, अशी चूक केली.

झालं असं. पन्नालाल शेठ कापडवाले, त्यांच्या नातवाचं, अर्हमचं लग्न ठरलं. या मारवाडी घरातल्या नवरदेवाची दाढी हनीफच्या घराण्याकडे तीन पिढ्यांपासून होती. पन्नाशेठची हनीफच्या आजाने केली, अर्हमच्या बापाची हनीफच्या बापाने. त्या घरात लग्नाचा गणपती बसला की नवरदेव बींदराजा होतो. लग्न लागेपर्यंत तो घरचा राजा. तो म्हणेल ते आणायचं, तो म्हणेल ते रांधायचं, कुणी त्याला नाही म्हणायचं नाही. म्हटलं तर अपशकुन.

शुक्रवारी लग्न आणि सोमवारी सकाळी बींदराजा दुकानात हजर. वरच्या ओठावर, नाकपुडीला लागून, लालबुंद फोड.

"चाचा, हा आजच काढा. उद्यापासून फोटो आहेत."

"तिथे हात लावत नाही मी, बेटा. शेक दे. नाहीतर डॉक्टरला दाखव."

"नाही म्हणता? मला?" अर्हम हसला. "मग स्टँडजवळच्या त्या एसी सलूनमध्ये जातो. तिथली पोरं दोन मिनिटांत काढतात."

हनीफची विकेट इथे पडली. त्याला त्या पोरांची नखं आठवली, पुरुषभर उंच आरसे आणि एकच कळकट टॉवेल आठवला. त्यांच्यापेक्षा माझा हात बरा, असं त्याने मनाला समजावलं. मन काय, समजावलं की समजतं. खरी गोष्ट ही होती की तीन पिढ्यांचा मान सलूनला जाईल, ही भीती त्याला वाटली. त्याने हात धुतले, स्पिरिट लावलं, नवी सुई फोडली आणि दाबलं. थोडा पू आला, मग रक्त. अर्हमने आरशात पाहिलं आणि खूश होऊन गेला.

मंगळवार गेला. हनीफला घास गोड लागेना. तो दोनदा शेठच्या दुकानावरून उगाच चालत गेला. सगळं ठीक दिसत होतं, नोकर आहेराच्या साड्या बांधत होते.

बुधवारी सकाळी नऊला मोबाइल वाजला. अर्हमने फोटो पाठवला होता. ओठ सुजून नाकाला भिडलेला, उजवा गाल तकतकीत, उजवी पापणी अर्धी मिटलेली. पाठोपाठ फोन आला. आवाज जड होता.

"चाचा, जरा सुजलंय. डोकं दुखतंय. दादी म्हणते पीठी बाधली. काल हळद-बेसन लावलं ना. मेडिकलमधून ॲलर्जीची गोळी आणलीय, एक ट्यूबपण लावलीय. तुम्ही दाबलं ते कुणाला सांगू नका हं. दादीने हात लावू नको म्हणून बजावलं होतं."

"ताप आहे?"

"आहे थोडा. उतरेल ना?"

खुर्चीत गिऱ्हाईक होतं, अर्ध्या तोंडाला फेस लावलेला. त्याला तसंच सोडून तो मागच्या दारातून घरात गेला आणि भिंतीला टेकून खाली बसला. जुबेदा तांदूळ निवडत होती. त्याने तिला फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. गाव काय म्हणेल, शेठ पोलिसात जातील, दुकान बंद पडेल, एका मुसलमान हजामाने शेठच्या नातवाला मारलं म्हणतील. तो बोलतच सुटला.

जुबेदाने सूप बाजूला ठेवलं. "पहले जाके बोल दो," ती म्हणाली. "डरना बाद में."

शेठचं घर तीन गल्ल्या पलीकडे. त्या तीन गल्ल्यांत हनीफच्या मनाने तीस पळवाटा काढल्या. नुसतं 'डॉक्टरकडे न्या' म्हणावं, दाबल्याचं कशाला? पण मग ते म्हणतील, ॲलर्जी आहे, उद्यापर्यंत बघू. आणि उद्यापर्यंत वेळ नव्हता, हे त्याला एकट्यालाच माहीत होतं.

ओसरीवर बायका बन्ना-बन्नीची लग्नगीतं गात होत्या. पाहुण्यांना चहा चालला होता. पन्नाशेठ गादीवर बसले होते, शेजारी अर्हमची दादी, भंवरीबाई. हनीफ चपला काढायलाही विसरला.

"शेठ, अर्हमला पीठी बाधली नाही. त्याचा फोड मी दाबला. सोमवारी, माझ्या दुकानात. तो फोड दाबू नये हे मला माहीत होतं, तरी दाबला. आत्ताच्या आत्ता जळगावला न्या. डोळ्याला उतरलंय. डोक्यात गेलं तर पोरगा हाती लागणार नाही."

गाणं थांबलं. भंवरीबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. त्या उठल्या, हनीफसमोर आल्या आणि त्याच्या तोंडाकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

पन्नाशेठ एवढंच म्हणाले, "गाडी काढा." मग हनीफकडे न बघता, "तूही बस. डॉक्टरला सांग, काय केलं ते."

गाडी तापीच्या पुलावर आली. अर्हम बापाच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होता. जळगावच्या हॉस्पिटलात डॉक्टरीण बाईंनी पापणी वर करून बघितली, बोट डावीकडे-उजवीकडे फिरवून डोळा फिरतो का ते पाहिलं, आणि हनीफकडून दाबल्याचं ऐकताच नर्सला हाक मारली. रक्त, डोक्याचा स्कॅन, सलाईनमधून अँटिबायोटिक. ती ट्यूब त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली. "अशा मलमाने जंतूंचं फावतं," म्हणाल्या.

बुधवार गेला. गुरुवारी सूज डाव्या पापणीकडे सरकली. जंतू दुसऱ्या डोळ्याकडे चालले तर फार वाईट, हे त्याने डॉक्टरीण बाईंच्या तोंडून ऐकलं होतं. तो बाकावर बसायचा नाही, जिन्याशेजारी खाली बसायचा. घरी जा, असं त्याला कुणी म्हणालं नाही. थांब, असंही म्हणालं नाही. येता-जाता पाहुणे बघायचे आणि आपसात कुजबुजायचे. पन्नाशेठ समोरच्या बाकावर माळ ओढत बसायचे. दोघांत दहा पावलांचं अंतर होतं आणि दोन दिवसांत एक शब्द नव्हता. हनीफ मनात एकच मागत होता. दुकान जाऊ दे, इज्जत जाऊ दे, पोराचा डोळा राहू दे.

शुक्रवारी, ज्या मुहूर्तावर फेरे व्हायचे होते त्याच्या तासभर आधी, डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. ताप उतरला होता. उजवी पापणी उघडत होती, दिसत होतं, स्कॅन साफ होता. अजून आठवडाभर तरी औषध शिरेतूनच द्यावं लागेल, पण धोका टळला.

"एक दिवस उशीर झाला असता तर मी हे सांगू शकले नसते," त्या म्हणाल्या. "पोरगा आधी कबूलच करत नव्हता. दाबल्याचं तुम्हाला घरी कळलं कुणाकडून?"

पन्नाशेठनी जिन्याकडे बोट केलं. "ज्याने दाबलं, त्यानेच घरी येऊन सांगितलं."

डॉक्टरीण बाईंनी हनीफकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या. हनीफची मान वर होईना.

थोड्या वेळाने त्याच्या शेजारी काठी टेकल्याचा आवाज झाला. पंच्याहत्तरीचे पन्नाशेठ गुडघ्यावर हात ठेवून, कष्टाने, त्याच्याजवळ खाली बसले.

"हनीफ, मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही, माहीत नाही."

"जी, शेठ."

"तू परवापासून जेवला नाहीस." त्यांनी पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला, मग दुसरा. "घरून दोन आलेत. एक माझा. दुसरा कुणाचा म्हणून भंवरीला फोन केला, तर माझ्यावरच ओरडली. म्हणाली, तुम्हाला दिसत नाही का, तिथे दुसरं कोण उपाशी बसलंय ते."