दोन पंचमांश डब्याचे पापड

दिवस : चैत्रातला दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम : एक छेद दोन अधिक एक छेद तीन. हजर : मी, पत्नी सुनंदा, सहावीतली मुलगी तन्वी आणि नागलीचे (नाचणीचे) पापड करायला पोशेऱ्याहून आलेल्या माझ्या थोरल्या वहिनी. हे सगळं नोंदवून ठेवतो आहे, कारण चूक माझी आहे.

सोमवारी तन्वीचा गणिताचा पेपर होता. आपल्याला गणित येतच नाही, अशी तिची (आणि तिच्या प्रगतिपुस्तकाची) ठाम समजूत. त्या रविवारी सकाळी तिनं या बेरजेचं उत्तर पाच छेद सहा लिहिलं आणि पहिल्यांदाच आपण होऊन वही मला दाखवली. मी हसलो. जव्हारच्या कचेरीत बावीस वर्षं रजिस्टरं लिहिणारा माणूस मी! प्रत्येक रकान्याची बेरीज त्याच रकान्याखाली, हा माझा धर्म. वरच्यांची वर, खालच्यांची खाली : दोन छेद पाच. "खोड," म्हणालो. तिनं कागद फाटेपर्यंत खोडलं.

"मला येणारच नाही, बाबा."

तिला पटावं म्हणून मी स्वयंपाकघरातला दाखला घेतला. (इथंच थांबायला हवं होतं.) आमच्याकडे अर्धा डबा पीठ होतं, वहिनींनी तेवढ्याच डब्याचा तिसरा हिस्सा आणलेला. भरल्या डब्याला सहा चमचे पापडखार, हे वहिनींचं माप. मग दोन पंचमांश डब्याला? दोन चमचे आणि वर दोन पंचमांश चमचा. तेवढ्यासाठी मी चमच्यावर पेनानं रेघासुद्धा मारल्या!

चौथी शिकलेल्या वहिनींनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊजी, अर्ध्या डब्यात आणखी पीठ पडलं, तं अर्ध्यापेक्षा कमी कसं व्हईल?"

"अपूर्णांकात होतं तसं, वहिनी."

दिराचा शब्द, त्यात सरकारी नोकरी. खार माझ्या हिशेबानं पडला.

संध्याकाळी पहिला वाळलेला पापड तेलात सोडला. तो गेला तसाच वर आला. ताटलीत टाकला, तर ताटली वाजली. दुसऱ्यानं माझी दाढ हलवली. आणि असे एकूण एकशे बारा!

वहिनींनी रिकाम्या डब्यात पेल्यानं पाणी ओतलं. सहा पेल्यांत डबा भरला.

"तन्वे, अर्धा डबा म्हंजे किती पेले?"

"तीन."

"न् तिसरा हिस्सा?"

"दोन." ती थांबली. "सहातले पाच. काकी, मी हेच लिहिलं होतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चमच्यावरच्या रेघा पुसत होतो. "तुझं बरोबर होतं," एवढंच म्हणालो.

सोमवारी ती पेपरातले सगळे अपूर्णांक सोडवून आली. पडताळायला मला एकही दाखवला नाही.

शेवटी भरपाई म्हणून दिलं ते असं : तन्वीला नवी वही आणि खोडरबर (जुना माझ्यापायी झिजला). वहिनींना नागलीचं पीठ, एक तृतीयांश डबा, म्हणजे पेले दोन. पीठ तन्वीनं मोजलं. मला फक्त डबा धरायला दिला.