हीटरजवळची खुर्ची

मंजू गेल्याचा फोन जावयांनी घेतला, तेव्हा मी ओट्याशी लसूण सोलत होते. कॉलेजात शिकवता शिकवता ती खाली बसली आणि संपली. लेक माझी, बावन्न वर्षांची. सहा आठवडे झाले. लोक म्हणतात, चांगलं मरण आलं. चांगलं कसलं? माझं तिच्याशी बोलायचं राहिलं.

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात मी अकरा वर्षं तिच्याकडेच आहे. थंडीत बाहेर पडता येत नाही, म्हणून वर्गात शिकवायचं ते ती आधी मला सांगायची. मी चौथी शिकलेली, पण गोष्ट कळते. या हिवाळ्यात चारशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी नाटक होतं. राजा गादीवर येतो आणि हद्दपार झालेल्या लाडक्या मित्राला परत बोलावतो. पदव्या देतो, स्वतःच्या शेजारी राणीच्या जागेवर बसवतो. सरदार पेटतात. मित्राला मारतात, पुढे राजालाही.

"एवढ्याशा खुर्चीवरून?" मी म्हटलं.

"खुर्चीवरूनच, आई. मुलं पेपरात लिहितात, मित्र उर्मट होता म्हणून भांडण लागलं. होताच तो उर्मट. पण त्याला तिथे बसवलं कोणी?"

"राजानं."

"चला, पास झालीस."

"मला टोमणा मारतेस का गं?"

"छे! तू काय राजा आहेस?" ती हसली आणि लॅपटॉप घेऊन जिन्यात जाऊन बसली...

जिन्यात, कारण त्या आठवड्यात माझा मुलगा शेखर पुण्याहून आला होता. हीटरजवळची, माझ्या शेजारची खुर्ची एरवी मंजूची. तो आला की मी तिला म्हणायची, ऊठ, त्याला बसू दे. गरम पोळी त्याला, गार झालेली तिला. तो तिच्याच घरात तिच्या भाजीला नावं ठेवायचा आणि मी हसायची. शेवटी बहीणभाऊ बोलेनासे झाले, तर तेही मी मंजूलाच सुनावलं, तूच समजून घे.

ती जिन्यात बसली तेव्हाच मला सगळं कळलं होतं. म्हटलं, शेखर गेला की बोलू. तो गेला. मी आज-उद्या करत राहिले...

अंत्यविधीला शेखर आला आणि सवयीनं त्याच खुर्चीत बसला. खुर्चीच्या पाठीवर मंजूची शाल तशीच होती.

"ऊठ," मी म्हटलं.

"काय झालं, आई?"

"ऊठ तिथून."

तो उठला. इतकं सोपं होतं ते.

आता दोन्ही वेळा पहिली गरम पोळी मी त्या खुर्चीपुढे ठेवते. ती गार होते. मग तीच मी खाते.