वसुधाताईंचा नववा अध्यक्ष

नवऱ्याच्या नोकरीपायी हॉलंडमधल्या हूफडॉर्पला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. बसथांब्यावर नुसत्या स्वेटरमध्ये कुडकुडत आईशी फोनवर बोलत होते, तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "कोट घाल गं, नाहीतर नववा अध्यक्ष होशील." वळून पाहिलं तर मफलरमध्ये गुंडाळलेल्या, सायकल हातात धरलेल्या वसुधाताई. नाव-गाव सांगायच्या आधी त्यांनी मला सांगितलं, की अमेरिकेच्या नवव्या अध्यक्षाने कडाक्याच्या थंडीत, कोट न घालता, शपथविधीला लांबलचक भाषण ठोकलं आणि महिन्याभरात गेला. "थंडीत दोन गोष्टी करू नयेत," त्या म्हणाल्या, "कोट विसरू नये आणि भाषण लांबवू नये." दुसरी त्यांना स्वतःला कधीच जमली नाही.

हे अध्यक्षांचं वेड लागलं ते पुण्यात. जयंतरावांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, कंपनी अमेरिकेला पाठवणार होती. ज्या घरी नांदायचं तिथली वडीलधारी माणसं माहीत हवीत, म्हणून या बाईने झाडून सगळे अध्यक्ष पाठ केले. ऐन वेळी प्रोजेक्ट फिरलं आणि वरात आली हॉलंडला. पण शिजवलेलं अन्न टाकतील तर त्या वसुधाताई कसल्या! दिवे गेले, की तिसावा: त्याला म्हणे कंदिलाच्या उजेडात, घरच्या घरी, सख्ख्या बापाने शपथ दिली. मला सर्दी झाली, की सव्विसावा: "छातीत गोळी घेऊन अख्खं भाषण केलं त्याने, आणि तुला दोन शिंका आल्या तर पोळ्या लाटवत नाहीत?" असं बोलून पोळ्या मात्र स्वतः लाटून द्यायच्या.

अशी ही वाघीण दुकानात डच बोलायची वेळ आली, की मुकी. बोट दाखवायचं, 'दांक यू' म्हणायचं, पळायचं. पुण्यात त्यांनी कितीतरी वर्षं बालवाडी चालवली होती, आणि इथे पोरांचा गलका ऐकला, की खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. मला फार वाईट वाटायचं. शेवटी आमच्या गल्लीतल्या पाळणाघरात जागा निघाली. मीच त्यांच्या मागे लागून अर्ज करवला. इंटरव्ह्यू डचमध्ये आहे म्हटल्यावर बाईंनी अंथरूण धरलं. माझं टाळकं सरकलं. विचारलं, "तुमचा तो आठवा घरी कुठल्या भाषेत बोलायचा?" त्या उठून बसल्या. आठव्याची मायबोली डच! इंग्रजी तो नंतर शिकला, हे त्यांनीच मला दहादा ऐकवलेलं.

मी बाहेर बाकावर बसले होते. आत आधी त्यांचं मोडकंतोडकं डच, मग हसण्याचा असा स्फोट, की शेजारच्या खोलीतली बाईही धावली. "त्यांच्या भाषेचा माणूस अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि या बायांना पत्ताच नाही!" वसुधाताई बाहेर येऊन म्हणाल्या. नोकरी मिळाली होती. परतताना त्या सायकलवर गात होत्या, तेही बेसूर.

वर्षभराने जयंतराव पेढे घेऊन आमच्याकडे आले. अमेरिकेची ट्रान्सफर आली होती. वसुधाताईंनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "पहिल्यालासुद्धा सगळे म्हणत होते, अजून राहा. तो म्हणाला, पुरे, मी आपला शेतावर जातो. माझं शेत त्या पाळणाघरात आहे हो."

मी जयंतरावांकडे पाहिलं. त्यांनी बायकोच्या हातातला पेढा घेऊन स्वतःच्या तोंडात टाकला. "सुटलो," ते म्हणाले. "तिकडे नेलं असतं, तर हिने डच राजे सुरू केले असते." आम्ही हसून हसून लोळलो. वसुधाताई हसता हसता रडल्या.

ती ट्रान्सफर वाया गेली नाही. जयंतरावांचं आणि माझ्या नवऱ्याचं ऑफिस एकच, ती त्याला मिळाली.

विमानतळावर त्या सोडायला आल्या. मी हळवी झाले होते; आईसारखं केलंत, तुमच्याशिवाय मी तिथे काय करू, असं काहीबाही सुरू झालं. त्यांनी माझ्या हातावरचा कोट काढून माझ्याच खांद्यांवर टाकला.

"माझी सगळी माणसं आहेत तिथे. सांग, वसुधाने आठवण काढली म्हणून. आणि भाषण पुरे."

मी गप्प बसले आणि कोट घातला.