कच्चा दोरा

रुखमाबाई, आज सरळ तुमच्याशीच बोलते. तुम्हाला हिरवा चुडा भरून नेलं तेव्हा बाया म्हणत होत्या, सवाशीण गेली, भाग्याची. मला त्यांचा राग आला, तो अजून उतरलेला नाही.

तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी आता नीट सांगते. चौऱ्याहत्तरच्या सुमारास नागपुरात मनोरुग्णांच्या एका दवाखान्यात रुखमाबाई बायांच्या वॉर्डाची मुख्य आया होती, आणि मी तिथली सिस्टर. बिथरलेली पेशंट हाताला लागेल ते पिळते, म्हणून तिचे नियम पक्के: काचेची बांगडी नको, वॉर्डात कैची नको, आणि मंगळसूत्र कच्च्या सुती दोऱ्यात. नवी आया आली की ती दारातच तिच्या मंगळसूत्राला झटका देई. तुटलं तर आत, नाही तर घरी.

गोपिका दुहेरी दोरा ओवून आली.

"बाई, घरी माणूस काविळीनं पडून हाय. आज राहू द्या न."

"काहून? पेशंट तुया माणसाची तब्येत पुसून गळा धरन काय वं?"

दोन झटक्यांत काळे मणी फरशीभर झाले. मंगळसूत्र तुटलं असं आपल्यात कोणी बोलत नाही, वाढवलं म्हणतात. रुखमाबाई मोठ्यानं म्हणाली, "तुटलं. जा आत."

महिन्याच्या आत गोपिकाचा नवरा गेला. ती कामावर परतली ती मोकळा गळा पुढे करून. "द्या झटका." नळावर बायांनी रुखमाबाईला नवराखाई नाव पाडलं.

अंगावर धावणाऱ्या पेशंटला ब्लँकेटात गुंडाळून बसवणारी ही बाई, ती या नावाला भ्याली. तशातच तिच्या महादेवरावांना खोकला लागला. तिनं गुपचूप पटव्याकडून मंगळसूत्र नायलॉनमध्ये गाठवून घेतलं आणि पदराखाली दडवलं. दारातले झटके बंद झाले.

एका दुपारी जेवण वाढताना जयवंता नावाच्या पेशंटनं तिचा गळा धरला. मंगळसूत्र मुठीत आलं, पिळलं गेलं, तुटेना.

"कैची आणा," गोपिका ओरडली. कैची कुठली? तिनं दातांनी नायलॉन कुरतडलं. सुटलं तोवर रुखमाबाई निळी पडली होती.

"वाढवलं," गोपिका म्हणाली.

महादेवरावांचा खोकला तिच्या तेराव्याच्या आधी बरा झाला.

आणि रुखमाबाई, जयवंतानं गळा धरला त्याच्या दोनच दिवस आधी तुम्ही मला म्हणाला होतात, "सिस्टर, इतवारीच्या बजारात जासान तं हे कच्च्या दोऱ्यात घालून आणा. मले लाज वाटते." मी हात पुढे केला. तुमचा हात गळ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"त्यायचा खोकला थांबू द्या," तुम्ही म्हणालात, "मंग देतो."