विहिरीच्या भिंतीतल्या दोन खाचा

समजा, तुम्ही बेचाळीस फूट खोल विहिरीत उभे आहात. वर आभाळाचा ताटाएवढा तुकडा, बाजूला दगडमाती वर ओढणाऱ्या यारीची रिकामी बादली आणि हातात घण. पहारेवर घाव घालायचा आणि कान देऊन ऐकायचं. भरीव काळा दगड खणखणतो. आत पोकळी असेल तर आवाज बसका येतो, मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. आता घाव आवरता येईल? आणखी एक जोरात बसला तर आतल्या स्फटिकांचा चुरा होईल.

शांतम्माला आवरता येतो. अहमदपूर आणि रेणापूरच्या मधल्या एका गावाबाहेर वडारांची वीस घरं आहेत. तिथली ही बाई तीस वर्षं विहिरी खोदते आहे. तिला लिहिता येत नाही. भूजल सर्वेक्षणाच्या कामानिमित्त मी त्या गावात महिनाभर होतो. खडकाबद्दल पुस्तकात जे शिकलो होतो, ते ती कानानं ओळखत होती.

आपल्याकडचा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यात अडकलेल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपलं आणि हिरवट, पांढरे स्फटिक तयार झाले. गावात त्यांना हिरेच म्हणतात. ते हिरे नव्हेत, पण परदेशातले हौशी लोक ते घेऊन काचेच्या कपाटात ठेवतात.

याच खड्यांवरून चार वर्षांपूर्वी डोकी फुटली होती. एका विहिरीत पोकळी लागली आणि जेवणाच्या सुट्टीत माल गायब झाला. शेतमालक म्हणाला वडारांनी नेला, वडार म्हणाले मालकानंच नेला. त्या उन्हाळ्यात गावानं वस्तीला काम दिलं नाही, बाहेरून माणसं आणली. वस्तीच्या नळाचं पाणीही बंद झालं.

तेव्हा शांतम्मानं ग्रामसभेत एक रीत मांडली. पोकळी लागली की काम थांबवायचं आणि दोन्हीकडच्यांना काठावर बोलवायचं. प्रत्येक खड्याला चिठ्ठी लावायची. तिच्यावर शेत कुणाचं, खोली किती, काढला कुणी हे लिहायचं आणि मालकाचा व खोदणाऱ्याचा अंगठा घ्यायचा. मग माल सोयाबीनच्या भुशात, केळीच्या कॅरेटात भरायचा. एक वाटा मालकाचा, एक खोदणाऱ्यांचा, एक गावाचा. सरकारी परवानगी सरपंचबाईंनी आणायची, चिठ्ठ्या अंगणवाडीच्या दीपालीताईंनी लिहायच्या.

वैजनाथ नावाचा शेतकरी तेव्हा हसला होता. "शांतम्मा, दगडाचं बी राशनकार्ड काढतीस का?"

"काढते की मालक. कार्ड असून माणसं भांडतेत, दगडाला तर कायच न्हाई."

रीत पडली. गावाच्या वाट्यातून वस्तीच्या ओढ्यावर नळ्या टाकून पूल झाला. वस्तीतल्या मुलांची पावसाळ्यात बुडणारी शाळा बुडेनाशी झाली.

यंदा त्याच वैजनाथच्या विहिरीत एका सांजेला मोठी पोकळी लागली. दुसऱ्या दिवशी एकतीस चिठ्ठ्या झाल्या, कॅरेट भरले. शेवटी भिंत बघायला शांतम्मा खाली उतरली. जुना तुटलेला दगड मळकट दिसतो, नवा चमकतो. पोकळीच्या कडेला तिला ताजी, चमकणारी खाच दिसली. तिथला खडा कुठल्याच कॅरेटात नव्हता. सकाळी सगळ्यांच्या आधी तिचा धाकटा भाऊ लखन खाली उतरला होता.

वर येऊन तिनं त्याला बाजूला घेतलं. त्यानं नाकारलं नाही.

"अक्का, तुझ्याबिगर कुणाला कळतंय हे?"

"म्हणूनच तर," ती म्हणाली.

ती गप्प बसली असती तर काहीच झालं नसतं. बोलली तर वस्तीवर पुन्हा चोरीचा शिक्का बसणार होता, वीस घरांचं काम जाणार होतं. ती सगळ्यांसमोर गेली आणि लखनच्या जेवणाच्या डब्यातला खडा काठावर ठेवला. "बत्तिसावा. आमच्या लखननं लपवला हुता. लिवा ताई."

वैजनाथ उठला आणि न सांगता घराकडे चालू लागला. आता काम बंद झालं असंच सगळ्यांना वाटलं. तो परतला तेव्हा त्याच्या उपरण्यात एक खडा होता, तेलात कालवलेला शेंदूर फासलेला. बायकोनं तो देव म्हणून देव्हाऱ्यात बसवला होता.

"पोकळी लागली त्या सांजेला मीच काढला," तो खाली बघत म्हणाला. "हा बी लिवा."

शेंदूर निघणार नव्हता, खडा विकता येणार नव्हता. तेहतिसावी चिठ्ठी लिहून तो खडा वैजनाथच्याच वाट्यात धरला. दुसऱ्या दिवशी यारी सुरू झाली. बादली भरायला लखनच खाली होता.

नंतर मी शांतम्माला विचारलं, वैजनाथबद्दल तुला आधीच कळलं होतं का. ती तंबाखू मळत म्हणाली, "खाचा दोन दिसल्या. एक आमची हुती, ती म्या सांगितली. दुसरी ज्याची त्यानं सांगावी."

माल न्यायला आलेल्या व्यापाऱ्यानं मात्र चिठ्ठ्या वाचल्याच नाहीत. चिठ्ठी नसलेला मालही याच भावानं घेतो, असं तो सहज बोलून गेला. तेव्हापासून भेटली की शांतम्मा मला एकच गोष्ट विचारते.

"तू शिकलेला हायस, सांग. आमचा खडा आणि कुणाचं तरी डोकं फोडून आणलेला खडा, तिकडं एकाच कपाटात शेजारी ठेवतेत का?"