बोटीतल्या माणसांचा पत्ता

मुंबई बेटाचा किनारा आमच्या शेजारच्या मामांइतका वाकून कुणी पाहिला असेल, असं मला वाटत नाही. लालबागच्या चाळीत ते आमच्या भिंतीपलीकडे राहायचे आणि गिरणीच्या दारावर कामगारांचे पितळी बिल्ले द्यायचे-घ्यायचे. बारा वर्षांपूर्वी कोकणात निघालेली एक बोट बुडाली, तिच्यात त्यांच्या गिरणीतली बरीच माणसं गेली. वाहून आलेली प्रेतं कोळ्यांनी ओळख न पटताच वाळूत पुरली. कोण कुठे पुरलंय ते शोधायचं, हा मामांचा दर रविवारचा उद्योग. लग्नाला गेले तरी मुलीच्या बापाला विचारायचे, "तुमच्याकडे किनाऱ्याला कुणी पुरलंय का हो?" साहजिकच त्यांना आमंत्रणं कमी येत. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात घसा बसेस्तोवर घोषणा द्यायचे आणि मोर्चा गिरगाव चौपाटीवर पोचला की गुपचूप कोळ्यांच्या होड्यांकडे सटकायचे. एकदा संचारबंदीत वाळू उकरताना पोलिसांनी धरलं. "काय पुरतोस रे?" "पुरत नाही साहेब, पुरलेलं शोधतोय." दोन दिवस चौकीत बसवलं. सुटले तेव्हा त्यांच्या वहीत हवालदाराच्या मावसभावाचं नाव होतं. तोही त्याच बोटीत होता म्हणे.

आम्ही हसायचो. पण एकदा ती वही मी वाचली. कुठला खडक, कुठलं माडाचं झाड, पुरताना कोण हजर होतं, प्रेताच्या दंडावर काय गोंदलं होतं, सगळं बारीक अक्षरात. एवढं तर सख्ख्यांनीही केलं नव्हतं. मग माझं हसू आपोआप थांबलं.

माझी आत्या आमच्याकडेच असायची. आतोबा मामांच्याच गिरणीत कामाला, आणि त्याच बोटीत होते. आता बारा वर्षं झाली, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरका, असं भटजी सांगत. आत्या ठाम होती. "गवताला अग्नी देऊन मी कुंकू पुसायची नाही. माणूस दाखवा."

एका रविवारी दुपारी मामा दारात येऊन उभे राहिले. तळहातावर काळवंडलेला बिल्ला, आतोबांच्या नंबराचा. रजेवर जाताना बिल्ला दारावर जमा करायचा असा नियम. आतोबा तो खिशात घालूनच गेले, म्हणून मामा तेव्हा भयंकर चिडले होते. आता त्याच नंबरामुळे ओळख पटली होती.

वरळी कोळीवाड्यातल्या एका म्हातारीने तो पेटीत जपला होता. वाळत घातलेल्या बोंबलांमागे, पुरलं होतं तिथे, खुणेचा एक दगड होता. दर सर्वपित्रीला ती तिथे पान वाढायची. आत्याला जागा दाखवताना ती ओशाळून म्हणाली, "बाय, भाताबरोबर म्हावरं पन ठेवायचो आमी. चाललं ना गो?"

आत्या रडता रडता हसली. "फार आवडायचं त्यांना," म्हणाली, आणि पदराने स्वतःच कुंकू पुसलं.

मामांना ते सोसलं नाही. पुढच्या रविवारी ते खोलीबाहेर पडलेच नाहीत. आपण त्या बाईचं कुंकू पुसलं, एवढंच मला म्हणाले. तेवढ्यात आत्या आली, कोनाड्यातली वही काढून तिने त्यांच्या मांडीवर ठेवली.

"उठा मामा," ती म्हणाली. "बाकीच्यांच्या घरी अजून वाट बघतायत."